सर्बिनचं सेंट पॉल लुथरन चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिनहून ह्यूस्टनला जाताना २९० नंबरच्या हमरस्त्यावर गिडिंग्ज लागतं. तिथून आडवाटेला वळून मी आजवर बऱ्याच मराठी पाहुण्यांना सर्बिनला नेलं आहे. गेलेले लोक परतल्यावर प्रश्न पाठवतात आणि न गेलेले फोटो बघून विचारतात. तेच ते प्रश्न येऊ लागले म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तो क्रमांक सांगून पुढे जाईन.

१. सर्बिन म्हणजे सर्बियातून आलेल्या लोकांचं गाव का?

नाही. ही चूक मात्र जवळजवळ सगळ्यांची होते, माझीही झाली होती. जर्मनीच्या पूर्व भागात, पोलंड आणि चेकियाच्या सीमेलगत लुसाटिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या स्लाव्ह लोकांना जर्मन 'वेंड' म्हणत. ते स्वतःला 'सेर्ब' म्हणवतात आणि हल्ली त्यांच्यासाठी 'सोर्ब' हा शब्द रूढ आहे. सर्बिन म्हणजे या लोकांची जागा. बाल्कनमधल्या सर्बांचं आणि यांचं नाव एकाच जुन्या स्लाव्ह मुळातून आलं असावं, पण इतिहास वेगळा, भाषा वेगळी, पंथही वेगळा.

गाव टेक्सासच्या ली काउंटीत, गिडिंग्जच्या नैर्ऋत्येला सहा-सात मैलांवर आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं. चर्च, शाळा, दफनभूमी, संग्रहालय आणि भोवती पोस्ट ओकची झाडं असलेली रेताड जमीन, एवढंच आहे. चौक नाही, बाजार नाही. तसं का झालं ते १२ मध्ये.

२. वेंड लोकांची भाषा जर्मनची बोली आहे का?

मुळीच नाही. ती पोलिश आणि चेक भाषांच्या घरातली आहे. संस्कृत शिकलेल्यांना एक गोष्ट गंमतीची वाटेल. सोर्बियन, म्हणजेच वेंडिश भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं. मराठीनं केव्हाच टाकून दिलेलं हे रूप लुसाटियातल्या शेतकऱ्यांनी जपलं. भावाला ते 'ब्रात्र' म्हणतात, तेव्हा नातं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या भाषेचे दोन प्रकार आहेत, वरची आणि खालची. इथली वर-खाली भूगोलातली आहे, प्रतिष्ठेतली नाही. वरच्या सोर्बियनमध्ये संपूर्ण बायबल १७२८ साली छापलं गेलं. चारही बाजूंनी जर्मन असताना ही भाषा टिकली, त्यात या बायबलचा आणि देवळातल्या गीतांचा मोठा वाटा आहे. पुढची सगळी गोष्ट याच धाग्यावर आहे. सर्बिनच्या चर्चचा इतिहास श्रद्धेचा आहेच, पण 'देवाशी कोणत्या भाषेत बोलायचं' या भांडणाचाही तितकाच आहे. निळ्या छताचे फोटो काढणाऱ्यांना हे दिसत नाही.

३. लुथरन म्हणजे नेमके कोण? कॅथलिकांपेक्षा वेगळे कसे?

१५१७ साली मार्टिन ल्युथरनं विटेनबर्गमध्ये पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. तिथून जी फूट पडली, तिची ही थोरली शाखा. पोपची सत्ता मानायची नाही, तारण कृपेनं आणि विश्वासानं मिळतं असं मानायचं, उपासना लोकांच्या भाषेत करायची. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, लग्न करू शकतो. वेदी, मेणबत्त्या, ठरलेली उपासनापद्धती हे मात्र त्यांनी बरंचसं ठेवलं. म्हणून कॅथलिक पाहुण्याला इथं फार परकं वाटत नाही.

महाराष्ट्रात हे नाव कमी ऐकू येतं, कारण आपल्याकडचं प्रोटेस्टंट काम मुख्यतः दुसऱ्या पंथांनी केलं. अहमदनगरला १८३१ पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन काँग्रेगेशनल परंपरेचं. वसई आणि गोवा कॅथलिक. भारतात लुथरन भेटतात ते तमिळनाडू, आंध्र, छोटा नागपूर या भागांत. १७०६ साली तरंगमबाडीला उतरलेला मिशनरी झिगेनबाल्ग हा लुथरन होता.

४. हे लोक धार्मिक छळामुळे पळून आले, असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत लुसाटियाची वाटणी झाली आणि बराच भाग सॅक्सनीकडून प्रशियाकडे गेला. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यानं १८१७ साली लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाची दुसरी प्रोटेस्टंट शाखा) अशी दोन्ही चर्चं एका छत्राखाली आणायचं ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला यात काय बिघडलं असं वाटेल. पण दोन्ही पंथांत प्रभुभोजनाबद्दल जुना वाद होता. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं, हे लुथरन मत. रिफॉर्म्ड मंडळी ती उपस्थिती आत्मिक मानतात. राजानं दोघांना चालेल अशी एकच उपासनापुस्तिका लादली, तेव्हा कट्टर लुथरनांना वाटलं की वेदीवरचे शब्दच आपल्या तोंडून काढून घेतले. अशांना 'जुने लुथरन' म्हणत. सुरुवातीला त्यांच्या पाळकांना खरोखर तुरुंगात टाकलं गेलं.

पण तारखा बघा. त्या राजाच्या मुलानं १८४५ साली जुन्या लुथरनांना वेगळं चर्च चालवायची परवानगी दिली. सर्बिनची मंडळी निघाली १८५४ मध्ये. म्हणजे निघताना त्यांच्यामागे शिपाई लागलेले नव्हते. मग का निघाली? जमीन थोडी, तोंडं जास्त. जर्मन भाषेचा दाब वाढत चाललेला. त्यात १८४९ पासून आणि मुख्यतः १८५३ मध्ये टेक्सासला गेलेल्या काही वेंड लोकांची चांगली पत्रं येत होती. आणि सरकारी चर्चच्या सावलीबाहेर आपल्या मनासारखी मंडळी, म्हणजे एका चर्चचा उपासक समुदाय, उभी करायची ओढ तर होतीच. पोट आणि पंथ वेगळे काढून तोलता येणार नाहीत. वंशजांना अर्थातच 'श्रद्धेसाठी देश सोडला' हे वाक्य जास्त आवडतं, आणि ते खोटं नाही. फक्त अपुरं आहे.

५. जहाजावर पटकी झाली होती म्हणतात. नेमकं काय घडलं?

२३ मार्च १८५४ रोजी डाउबान या गावी लोकांनी एकत्र येऊन मंडळी स्थापन केली आणि यान किलियन यांना पाळक म्हणून बोलावलं. म्हणजे चर्च आधी झालं, प्रवास नंतर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साडेपाचशेच्या वर माणसं स्थलांतरितांचा सुटा जमाव म्हणून गेली नाहीत. एक मंडळी आपल्या पाळकासकट, आपल्या घंटेसकट उचलून दुसरीकडे ठेवली गेली.

सप्टेंबरमध्ये ते निघाले. आगगाडीनं हॅम्बुर्ग, तिथून बोटीनं इंग्लंडमधलं हल, पुन्हा आगगाडीनं लिव्हरपूल. लिव्हरपूलला 'बेन नेव्हिस' हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज ठरवलेलं होतं. १८५४ हे इंग्लंडमध्ये पटकीचं वर्ष. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी साथीचं मूळ म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं ते याच वर्षी. रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा बहुतेकांना पटलेलं नव्हतं. त्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखनं आधी इजिप्तमध्ये आणि मग कोलकात्यात शोधून पक्का केला तो तीस वर्षांनी. तेव्हा लिव्हरपूलमधून रोग सोबत घेऊन जहाजात चढलेल्या लोकांना आपल्याला काय मारतंय हे कळायचा मार्गच नव्हता.

मरणं वाढली तसं जहाज आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात, म्हणजे आजच्या कोव्हला थांबवलं. सुमारे तीन आठवडे तिथं थांबून, जहाज धुरी देऊन स्वच्छ करून मग ते पुढे गेलं. डिसेंबरच्या मध्याला गॅल्व्हस्टन आलं, तोवर ७३ माणसं गेली होती. आणि गॅल्व्हस्टनला पीतज्वराची साथ! तिथून ह्यूस्टन, आणि ह्यूस्टनहून बैलगाड्या. गाडीत सामान आणि अशक्त माणसं, धडधाकट लोक बाजूनं चालत.

पाहुण्यांना मी ही गोष्ट गाडीत सांगत असतो. गिडिंग्जच्या वळणावर पोचेपर्यंत मागच्या सीटवरची मुलं गप्प झालेली असतात.

६. जमीन कुणी दिली? सरकारनं?

कुणी दिली नाही, विकत घेतली. पुढे गेलेल्या दोघांनी, योहान डुबे आणि कार्ल लेमन यांनी, रॅब्ज क्रीक या ओढ्याजवळ ४,२५४ एकरांचा तुकडा एकरी एक डॉलर या भावानं घेतला. मेक्सिकोच्या राजवटीत जमीन 'लीग' या मापानं वाटली जाई, त्यातला हा एक पट्टा. त्यातले ९५ एकर चर्च आणि शाळेसाठी बाजूला काढले आणि बाकीचे कुटुंबांनी आपापसांत घेतले. पाळकाच्या दोन खोल्यांच्या लाकडी घरातली एक खोली सुरुवातीला देऊळ होती आणि तीच शाळा. ली काउंटी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती १८७४ ची, म्हणजे चर्च काउंटीहून वीस वर्षांनी थोरलं.

जमीन मात्र आपल्या देशावरच्या काळ्या मातीसारखी नव्हे. रेताड. मका आणि कापूस यांवर दिवस काढले.

७. यान किलियन कोण होते?

जन्म १८११, सॅक्सनीतल्या होखकिर्ख गावाजवळ. शिक्षण लाइपझिगला. आधी कोटिट्झ आणि मग वायगर्सडॉर्फ इथं पाळक. ल्युथरची मोठी धर्मप्रश्नोत्तरी आणि ऑग्सबर्गचा विश्वासअंगीकार हे त्यांनी वेंडिशमध्ये आणले, स्वतः गीतं रचली. आपल्या ना. वा. टिळकांची आठवण यावी असा माणूस. धर्म परक्या भाषेतून आलेला, पण गाणं आपल्या भाषेत हवं, हा हट्ट तोच.

टेक्सासमध्ये त्यांनी तीस वर्षं सेवा केली. वेंडिशमध्ये प्रवचन, मग जर्मनमध्ये, गरज पडली तर इंग्रजीतही. १२ सप्टेंबर १८८४ रोजी ते गेले. मुलगा हेर्मान किलियन त्यांच्या जागी आला आणि १९२० मध्ये मरेपर्यंत पाळक राहिला. दुसरा मुलगा गेरहार्ड शाळा शिकवायचा आणि ऑर्गन वाजवायचा. एकाच घराण्याच्या हातात ६६ वर्षं मंडळी. घराणेशाही म्हणा हवं तर, पण त्या जंगलात वेंडिश बोलणारा दुसरा पाळक आणणार कुठून?

८. प्रवचनाचं व्यासपीठ एवढं उंच, सज्जात का?

आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच येतो. सध्याचं दगडी चर्च १८६७ मध्ये बांधायला घेतलं आणि ३ डिसेंबर १८७१ रोजी त्याचं समर्पण झालं. बाहेरून साधं, पांढरं, एक मनोरा. आत चारही बाजूंनी सज्जा फिरतो आणि व्यासपीठ वेदीच्या वर, सज्जाच्या पातळीवर, जमिनीपासून सुमारे वीस फूट उंच. टेक्सासमधलं सर्वांत उंच व्यासपीठ म्हणून ते सांगितलं जातं.

कारण साधं आहे. पुरुष सज्जात बसत आणि बायका-मुलं खाली. पाळक खाली उभा राहिला असता तर वरच्यांना त्याचं डोकंच दिसलं असतं. मधल्या उंचीवर उभं राहिलं की वरच्यांना तो समोर दिसतो आणि खालच्यांना मान वर करून का होईना, ऐकू येतो. माझी एक मावशी खालच्या बाकावर बसून म्हणाली, "म्हणजे मान दुखायची ती बायकांचीच." यावर उत्तर नाही.

९. ते खांब संगमरवरी आहेत का? निळं छत मूळचंच?

खांब लाकडी आहेत. टर्कीचं पीस रंगात बुडवून त्याच्या कडेनं शिरा ओढल्या आहेत, त्यामुळे लांबून संगमरवर वाटतो. जवळ जाऊन तिरपं बघा, पिसाचा फटकारा कुठे सुरू झाला आणि कुठे उचलला ते दिसतं. एक रेघ जाड निघते, मग तिच्यातून तीन-चार केसासारख्या रेघा फुटतात. ब्रशनं असं येत नाही. संगमरवर परवडत नव्हता आणि टर्की मुबलक होते, हा या कलेचा सगळा हिशेब. आकाशी छत आणि वरची नक्षी ही याच हौसेची. ऑर्गन १९०४ चा, ऑस्टिनच्या एड फायफरनं बनवलेला.

१०. एवढ्याशा गावात दोन लुथरन चर्चं कशाला होती?

कारण आपल्याकडे एका आळीत दोन गणपती का बसतात, तेच.

मंडळी दोनदा फुटली. पहिल्यांदा १८५८ मध्ये. काही लोकांना घरगुती प्रार्थनासभा, उत्स्फूर्त प्रार्थना, जास्त भावुक भक्ती हवी होती. आसपासच्या मेथडिस्ट सभांचं वारं त्यांना लागलं होतं. किलियन यांना ठरलेल्या उपासनेबाहेरचा हा प्रकार मान्य नव्हता. नाराज लोक बाहेर पडले.

दुसरी फूट १८७० ची आणि ती जास्त बोलकी आहे. या वेळी प्रश्न भाषेचा होता. मंडळीत जर्मन बोलणारेही होते, आणि काही वेंड लोकांनाही मुलांनी जर्मन शिकणं फायद्याचं वाटत होतं. भोवतालच्या वस्त्या, दुकानदार, व्यवहार सगळा जर्मन. रविवारी किती जर्मन आणि किती वेंडिश, कोणती उपासना सकाळची, यावरून तट पडले आणि सेंट पीटर हे वेगळं चर्च उभं राहिलं. हे तेव्हाचं, जेव्हा सेंट पॉलच्या दगडी भिंती चढत होत्या (८ बघा). एकीकडे मंडळी एकवटून दगड वाहतेय आणि दुसरीकडे निम्मं बिऱ्हाड वेगळं होतंय. दोन्ही चर्चं १९१४ मध्ये पुन्हा एक झाली. एक झाली कारण तोवर भांडणाचं मूळ उरलं नव्हतं. जर्मन जिंकली होती. तिलाही पुढे काय वाढून ठेवलं होतं ते ११ मध्ये.

पाहुण्यांपैकी कुणीतरी नेहमी विचारतं, चूक कुणाची? मला विचाराल तर किलियन यांची बाजू मनाला जवळची वाटते आणि फुटणाऱ्यांची बाजू डोक्याला पटते. माझी मुलगी मराठी शाळेत रविवारी कुरकुरत जाते तेव्हा मी दोन्ही बाजूंनी भांडतो.

११. आज तिथं वेंडिशमध्ये उपासना होते का?

नियमित होत नाही. इंग्रजीत होते. हेर्मान किलियन १९२० मध्ये गेले आणि नियमित वेंडिश प्रवचनांचा काळ त्यांच्याबरोबर संपला. जर्मन त्यानंतरही काही काळ चालली.

पण भाषा एका रात्रीत गेली असं समजू नका. गिडिंग्जमधून १८९९ पासून १९४९ पर्यंत 'डॉइचेस फोल्क्सब्लाट' नावाचं वर्तमानपत्र निघायचं. नाव जर्मन, मजकूर मुख्यतः जर्मन, पण वेंडिश आणि इंग्रजीही त्यात असे. वेंडिश छापायला लागणारी खास चिन्हांची अक्षरं छापखान्यात होती. आपल्यापैकी ज्यांनी परदेशात मराठी अंक काढून बघितलाय त्यांना पन्नास वर्षं म्हणजे काय हे कळेल.

एक विचित्र गोष्ट अशी. वेंड लोक जर्मन होऊ नये म्हणून टेक्सासला आले आणि टेक्सासला येऊन जर्मन झाले. लुसाटियात राहिलेल्यांची भाषा, छळ सोसून, आज आहे. तिथल्या बाउट्सेन शहरात रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यात गेलेल्या वेंड लोकांचंही टेक्साससारखंच झालं. जाताना चर्च उचलून नेता येतं, शेजार नेता येत नाही.

१२. एवढा इतिहास असून गाव वाढलं का नाही?

रेल्वे. १८७१ मध्ये, म्हणजे चर्चचं समर्पण झालं त्याच वर्षी, ह्यूस्टन अँड टेक्सास सेंट्रलचा रूळ काही मैलांवरून गेला आणि गिडिंग्ज वसलं. दुकानं, कापसाचा व्यापार, वकील-डॉक्टर तिकडे गेले. रेताड जमीन नव्या पिढीला पुरेना, तेव्हा तरुण कुटुंबं वॉर्डा, फेडोर, थॉर्नडेल, कॉपरस कोव्ह अशा ठिकाणी गेली आणि बहुतेक ठिकाणी पहिलं काम काय केलं? लुथरन चर्च बांधलं. त्यामुळे सर्बिन गाव म्हणून आटलं, पण माहेर म्हणून राहिलं.

१३. चर्च टेक्सासमध्ये, मग ते 'मिसूरी सिनड'चं कसं?

सिनड म्हणजे मंडळ्यांचा संघ. हा संघ १८४७ मध्ये शिकागोला स्थापन झाला. त्याचा पाया घालणाऱ्यांत मिसूरीत उतरलेले सॅक्सन लुथरन होते, म्हणून ते नाव. त्यांचे पुढारी सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर हे किलियन यांच्याच वयाचे, जन्म तोच १८११, आणि दोघंही लाइपझिगचे. ओळखीचा माणूस त्या देशात आधीच होता. किलियन पोचल्यावर लगेच, १८५५ मध्ये, सिनडमध्ये गेले. त्यांच्या मंडळीनं मात्र दहाएक वर्षं वेळ घेतला. पाळक सदस्य आणि मंडळी सदस्य नाही, हे त्यांच्या नियमात बसतं. सर्बिन ही टेक्सासमधली या सिनडची पहिली मंडळी मानली जाते.

१४. जहाजातून आणलेली घंटा कुठे आहे?

मनोऱ्यात शोधू नका. १८५४ मध्ये क्लाइनवेल्का इथं फ्रीडरिश ग्रुलनं ओतलेली ती घंटा आता ऑस्टिनच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ १९२६ साली याच सिनडचं कॉलेज म्हणून सुरू झालं.

जाता जाता, क्लाइनवेल्का ही मोरेव्हियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची वसाहत होती. त्याच लुसाटियात हेर्नहूट नावाचं त्यांचं मुख्य गाव आहे. हेर्नहूटला जन्मलेला येश्के नावाचा मिशनरी १८५७ मध्ये हिमालयात, लाहौलच्या केलाँगला पोचला आणि तिथं तिबेटी शब्दकोशावर काम केलं. एकाच मुलखातून तीन वर्षांच्या अंतरानं एक वाट टेक्सासला गेली आणि एक केलाँगला.

१५. नवरीचा पोशाख काळा? अपशकुन नाही वाटायचा?

त्यांना उलट वाटायचं. लग्न म्हणजे कष्ट आणि दुःख यांची सुरुवात, याची आठवण नवरीला राहावी म्हणून काळा पोशाख, असं सांगतात. संग्रहालयात तो बघता येतो. पुढे राखाडी आला, मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा. आपल्या पाहुण्या बायकांना काळ्याचं नवल वाटतं आणि मग लक्षात येतं की पांढरा तरी आपल्याकडे कुठे चालतो! संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेची आठवण मी हळूच करून देतो.

१६. ईस्टरची ती नक्षीदार अंडी रंगवतात कशी?

रंगवण्यापेक्षा झाकणं हे खरं काम आहे. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी किंवा चौकटीच्या आकारात कापायचं, पातळ केलेल्या मेणात बुडवायचं आणि अंड्यावर ठसा टेकवायचा. मेण निवायच्या आत हात उचलायचा, नाहीतर पसरतं. मग अंडं रंगात. मेणाखालचा भाग कोरा राहतो. पुन्हा मेण, पुन्हा दुसरा, जास्त गडद रंग. शेवटी अंडं ज्योतीच्या बाजूला धरून मेण वितळलं की फडक्यानं पुसायचं, आणि आतापर्यंत काळपट दिसणाऱ्या कवचावर सगळे थर एकदम उजळतात. बाटिक ज्यांनी केलंय त्यांना हे तंत्र ओळखीचं वाटेल. मी केलेल्या अंड्यावर त्रिकोणांचे ढग झाले होते.

१७. 'पेंटेड चर्चेस'च्या सहलीत हेच चर्च येतं का?

कधी येतं, कधी नाही. टेक्सासमधल्या रंगवलेल्या चर्चांची नेहमीची सहल शुलेनबर्गच्या आसपासची असते. हाय हिल, डुबिना, अ‍ॅमन्सव्हिल इथली ती चर्चं चेक आणि जर्मन कॅथलिकांची. तिथं संतांचे पुतळे, सोनेरी काम, भरगच्च भिंती. सर्बिन त्या मानानं उत्तरेला आहे आणि लुथरन आहे, म्हणून सजावटही आवरलेली. दोन्ही एका दिवसात करायचं असेल तर सर्बिन सकाळी आधी करा. दिवसभर सोनेरी बघून इथं आलात तर फिकं वाटेल, आणि ते बरोबर नाही.

१८. कधी जावं? जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

वेंडिश फेस्ट सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी असतो. गर्दी, संगीत, जुन्या कारागिरीची प्रात्यक्षिकं. शांतपणे बघायचं तर दुसरा कुठलाही दिवस, मात्र रविवारी सकाळी उपासना चालू असते हे लक्षात ठेवा. ती जिवंत मंडळीची जागा आहे, शाळाही बाजूलाच भरते. कॅमेरा गळ्यात घालून प्रार्थनेच्या मधोमध शिरू नका. आपल्या देवळात कुणी असं केलं तर काय वाटेल ते आठवा. संग्रहालय वंशजांच्या संस्थेनं चालवलंय. संस्था १९७१ ची.

जेवण: वेंडिश नूडल प्रसिद्ध आहेत. अंड्याच्या कणकेच्या, घरी कापलेल्या, दिसायला आपल्या हातशेवयांच्या चुलतबहिणी. पण शिजवतात कोंबडीच्या रश्शात, वर लोणी. बघून 'शेवया आहेत' म्हणून वाढून घेतल्या, असं एका पाहुण्याचं झालंय. शाकाहाऱ्यांनी कॉफी केक घ्यावा आणि दशम्या घरून न्याव्यात.

१९. आमच्या ऑफिसातला एक जण आडनावानं पक्का जर्मन, पण म्हणतो आम्ही वेंड. असं असतं का?

असतं. हे उत्तर वंशावळी शोधणाऱ्या त्याच्या मित्रांनाही पाठवा. लुसाटियात असतानाच सरकारी कागदांवर नावं जर्मन वळणानं लिहिली जात. घरात आणि चर्चमध्ये वेंडिश नाव, दफ्तरात जर्मन, आणि टेक्सासला आल्यावर शेजाऱ्यांना जमेल तसं इंग्रजी. त्यामुळे आडनावावरून काही ठरवता येत नाही. चर्चच्या नोंदवह्या, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी, हाच खरा पुरावा. उलटही होतं. सर्बिनच्या वहीत नाव आहे म्हणजे माणूस वेंड, असंही नाही, कारण मंडळीत जर्मन होतेच (१० बघा).

शोधणाऱ्यानं एकाच माणसाची तीन नावं धरून चालावं. चर्चमागच्या दफनभूमीत फिरताना वेंडिश दगड, जर्मन दगड आणि मग इंग्रजी दगड असे लागत जातात, कधी एकाच घराण्याचे. खुद्द पाळकांचंच बघा ना. वेंडिशमध्ये यान किलियन, जर्मन कागदात योहान, आणि टेक्सासच्या पुस्तकांत जॉन.